वऱ्हाडाचा विसावा, राजघाट

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
१८ जानेवारी १९५३

ती. सौ. शारदावहिनींना,

धाकट्या दिराचा नमस्कार. दादालाही नमस्कार सांगा, पण त्यापुढचं त्याला वाचून दाखवू नका. तो लगेच अण्णांना लिहील आणि मग घरात माझी धडगत नाही.

दिवाळीत मी तुमच्याकडे अलिबागला आलो होतो, तेव्हाचा किनाऱ्यावरचा तो माणूस आठवतो का? चार कापडी खुर्च्या, एक मोठी छत्री आणि शहाळ्यांचा ढीग, एवढ्यावर तो राजासारखा बसला होता. मुंबईची माणसं बोटीतून उतरली की सरळ त्याच्या खुर्चीत. दादा म्हणाला, हा ऐतखाऊ. माझ्या डोक्यातून मात्र तो माणूस तेव्हापासून गेलेला नाही. वाळू आमच्याकडे काय कमी आहे? चैत्र लागला की तापी अंग चोरून एका कडेला जाते आणि राजघाटापुढे नुसती वाळूच वाळू. समुद्र नाही, एवढंच.

आणि गिऱ्हाईक? गेल्या वैशाखात मी घाटावर बसून पाहिलं. पलीकडच्या गावांतून बैलगाड्यांनी वऱ्हाडं येतात, ती अशी धुळीनं माखलेली की नवरदेव कुठला आणि गाडीवान कुठला ते कळत नाही. गावात शिरायच्या आधी सगळे नदीवर उतरतात. बायका लुगडी ताणून आडोसा करतात, नवरदेवाची दाढी गाडीच्या चाकाला टेकून होते. एकाचं बाशिंग माझ्या डोळ्यांदेखत वाहून गेलं. तर मी वाळूवर बांबूच्या तट्ट्यांचे आडोसे उभे करणार, वर मांडव, खाली चटया, रांजणात वाळा घातलेलं गार पाणी. दाढीला निंबा न्हावी, फेटा बांधायला एक माणूस. वऱ्हाडानं घटकाभर विसावावं, नटावं आणि वाजतगाजत गावात जावं. पाऊस पडेपर्यंत धंदा, मग तापीमाई स्वतःच दुकान धुऊन टाकणार. कापसाच्या जिनातली कारकुनी मी कालच सोडली.

आता खरं कारण. तुमच्या लग्नात ज्या मुलीनं तुम्हाला हसवून हसवून उखाणा विसरायला लावला, ती सिंधीपुऱ्यातली कोकिळा. तिचे वडील लीलाधरराव शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. धीर करून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वैशाखी पौर्णिमेपर्यंत स्वतःचं काही उभं करून दाखव. नाही तर जळगावचं स्थळ आहे, त्यांना मी हो म्हणणार." वहिनी, मला ती मुलगी हवी आहे. यात थट्टा नाही.

तुमचा
नंदकुमार

---

अलिबाग
२७ जानेवारी १९५३

चि. नंदूभावजींना अनेक आशीर्वाद.

'दादाला वाचून दाखवू नका' हे तुम्ही इतक्या ठळक अक्षरात लिहिलंत की ह्यांनी पत्र माझ्या हातातूनच घेतलं. आधी हसले, मग कपाळाला हात लावला, मग पुन्हा हसले. अण्णांना कळवणार नाहीत, असं त्यांनी माझ्याकडे कबूल केलंय. ते वचन पोहे पुढे ठेवून घेतलंय, त्यामुळे पाळतील.

देशातली एवढी संस्थानं विलीन झाली, आमचे भावजीच तेवढे स्वतंत्र राहिले होते. तेही आता विलीन व्हायला निघाले म्हणायचे. बरं झालं. कोकिळा मला पक्की आठवते. तिनं मला हसवलं त्याचा सूड मला घ्यायचाय, आणि ती जाऊ झाल्याशिवाय तो घेता यायचा नाही. तेव्हा तुमचा धंदा चालायलाच हवा.

मी काल मुद्दाम त्या खुर्चीवाल्याकडे जाऊन विचारून आले. तो म्हणाला, वाळूत खुंट्या ठोकू नका, वाऱ्यानं उपटतात. पोत्यात वाळू भरून ती पोती पुरा आणि त्यांना दोर बांधा. दुसरं, दुपारी वाळू पाय भाजते, म्हणून चटया पाण्यापर्यंत पोचल्या पाहिजेत. तिसरं फार महत्त्वाचं. भरतीची रेषा पाहून मांडव घाला, नाही तर भरलेल्या मांडवात पाणी शिरेल. भरती कधी ते तिथल्या कोळ्यांना विचारून ठेवा.

इथे दिवसभर मी आणि समुद्र, दोघंच. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. तुमची पत्रं येत राहू द्या.

तुमची वहिनी

---

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
८ मार्च १९५३

ती. सौ. वहिनींना सा. न.

पोत्यांची युक्ती रामबाण आहे. भरतीचं मात्र मी आमच्या ढिवरांना, म्हणजे इथल्या कोळ्यांना, खरंच विचारलं. ते एकमेकांकडे बघत राहिले, मग त्यातला म्हातारा मायेनं म्हणाला, बेटा, धूप में मत घूमा कर. तापीला भरती येते ती एकदाच, आषाढात, आणि मग ती विचारून येत नाही.

कामाला जोर आलाय. कडू म्हणून माझा एक शाळासोबती आहे, नदीकाठी त्याची केळीची बाग. त्यानं बांबू दिले, केळीच्या सोपटाचे दोर वळून दिले. तट्टे मी स्वतः विणले. पहिला तट्टा अण्णांनी अंगणात पाहिला आणि विचारलं, म्हैस घेतलीस का? मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन तट्ट्याची वीण उलगडून दाखवली आणि म्हणाले, ही अशी ढिली राहिली तर नवरदेव बाहेरून दिसेल.

पाटीही रंगवून घेतली: 'वऱ्हाडाचा विसावा, राजघाट'. कापडाच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर भिंतीला लावून त्यावर वैशाखाभोवती तांबड्या पेन्सिलीची चौकट केली आहे, चौदा एप्रिलपासून पुढे. अजून एकाही वऱ्हाडानं आगाऊ सांगून ठेवलेलं नाही, पण आमच्या लोकांना सगळं ऐनवेळी करायची सवयच आहे.

परवा लीलाधरराव रस्त्यात भेटले. आधी नेहमीचं झालं. भाषेप्रमाणे प्रांत पाडायचं निघालंय, तर बुऱ्हाणपूर खानदेशाकडे जाणार की नागपूरकडेच राहणार, याची त्यांना घोर चिंता. मग एकदम म्हणाले, "वैशाख कधी लागतो ते पाहिलंयस ना?" मी म्हटलं, चौदा एप्रिलला. ते गालात हसले आणि "बरोबर" म्हणून निघून गेले. शाळेत त्यांच्या तोंडून हा शब्द मला एकदाही मिळाला नव्हता. चांगला शकुन आहे.

आपला
नंदकुमार

---

अलिबाग
२२ मार्च १९५३

चि. नंदूभावजींना आशीर्वाद.

हातातलं काम थांबवा आणि हे बसून वाचा.

आज नाशिकहून माझ्या आईचं पत्र आलं. तिनं लिहिलंय, यंदा धोंड्याचा महिना आहे, जावई पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला येणार, तर महिनाअखेरीला घेऊन ये. मी वाचलं, आनंदानं ह्यांना सांगितलं, पिठाचे डबे पाहायला उठले आणि मग तिथेच उभी राहिले. धावत शेजारच्या जोशीकाकूंकडे जाऊन नवं पंचांग पाहिलं.

भावजी, यंदा वैशाख दोन आहेत. चौदा एप्रिलला लागतोय तो अधिक. त्यात लग्न नाही, मुंज नाही, साखरपुडासुद्धा नाही. एकही वऱ्हाड महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. खरा वैशाख, निज वैशाख, लागणार चौदा मेला. तुमच्या कापडवाल्याच्या कॅलेंडरवर एवढं कोण छापतो?

तुम्हाला काय बोलू? मीच शहाणी तुम्हाला भरतीची रेषा शिकवत बसले आणि साधं पंचांग पाहिलं नाही. लीलाधरराव का हसले, ते आता कळलं ना? गणिताचा मास्तर तो, त्याला तीन वर्षांनी येणारा महिना ठाऊक नसेल?

मला फार वाईट वाटतंय. पण तट्टे मोडू नका. लगेच लिहा.

वहिनी

---

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
३१ मार्च १९५३

ती. सौ. वहिनींना सा. न.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी वाळूवर शेवटच्या मांडवाचा दोर ताणत होतो. वाचलं आणि पुरलेल्या पोत्यावरच बसलो. कडूनं काय झालं विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, लगनच नाही तर एवढे बांबू कशाले?" निंबानं नवे वस्तरे आणलेत. त्याला सांगायचा धीर मला दोन दिवस झाला नाही.

तिसऱ्या दिवशी लीलाधररावांकडे गेलो आणि चूक झाली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "पौर्णिमा मी निज वैशाखातलीच धरली होती. तुझ्या ध्यानात कधी येतं, एवढंच पाहत होतो." मुदत वाढली खरी, पण जळगावची मंडळी निज वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेलाच कोकिळेला पाहायला येतायत. म्हणजे हातात धंदा नसलेला एक महिना आणि त्यानंतर दोन दिवस. दारातून बाहेर पडताना कोकिळा तुळशीला पाणी घालत होती. ती माझ्याकडे पाहून हसली नाही. ती हसत नाही तेव्हा मला भीती वाटते.

आता पुढचं. काल संध्याकाळी मी आडोसे उतरवायला गेलो, तर मथुराबाई आत उभ्या. मथुराबाई म्हणजे आमच्या समोरच्या, आईची मैत्रीण, आवाज असा की लोधीपुऱ्यात बोलल्या तर सिंधीपुऱ्यात ऐकू येतं. बरोबर त्यांची जाऊ धुरपदाबाई. दोघी तट्टे हलवून बघत होत्या. मला म्हणाल्या, "खबरदार हात लावशील तर. सगळ्या गावच्या बाया महिनाभर पहाटे नदीवर येतील अधिकाच्या स्नानाले. दर खेपेले ओल्या लुगड्यानं थरथरत घरी जावं लागते. हे कोणासाठी बांधलं होतं, बाप्यांसाठी?"

वहिनी, मी उभ्या उभ्या पाया पडलो त्यांच्या. पण त्यांची पहिलीच अट अशी की मी तिथे पाऊल टाकायचं नाही.

आपला
नंदकुमार

---

अलिबाग
८ एप्रिल १९५३

चि. नंदूभावजींना आशीर्वाद.

मथुराबाईंना माझा साष्टांग नमस्कार. मला अलिबागला बसून जे सुचलं नाही ते त्यांना ओल्या लुगड्यानं सुचवलं.

आता ऐका. आडोशात एक आरसा टांगा, उंच नको, बायकांच्या उंचीला. कुंकवाची डबी ठेवा. पहाटे अंधार असतो, कंदील ठेवा. पोथी ऐकायला चटया आहेतच. आणि मथुराबाई म्हणतील ते ऐका. मालकानं दिसायलाच हवं असं कुठे आहे?

वीस तारखेनंतर आम्ही नाशिकला. पत्र तिकडेच टाका. ह्यांनी धोंड्याच्या जेवणासाठी नवा कोट शिवायला टाकलाय. तीन वेळा मापं दिली.

वहिनी

---

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
२५ एप्रिल १९५३

ती. सौ. वहिनींना सा. न.

धंदा धडाक्यात चाललाय आणि मी तो अजून पाहिलेला नाही.

रोज पहाटे मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसतो, पाठ तापीकडे, तोंड गावाकडे. खाली मथुराबाईंचा आवाज, बांगड्या, पाण्याची चुबुकचुबुक, पोथी. बायका येतात त्या खाली जाताना चपला माझ्याकडे ठेवतात आणि हळूच पोरंही. काल माझ्या मांडीवर दोन आणि खांद्याला एक होतं. तिघंही परकी, तिघंही ओली. पार स्टेशनजवळच्या लालबागेपासून बायका येतात म्हणे. मथुराबाई सांगतात, मी विश्वास ठेवतो. निंबाही माझ्या शेजारी बसतो आणि बायकांबरोबर आलेल्या म्हाताऱ्यांच्या दाढ्या करतो. त्याच्याही वस्तऱ्यांचं सार्थक झालं. पाटीवरचं 'वऱ्हाडाचा' तेवढं अण्णांनी चुन्यानं पुसून टाकलं. नुसताच 'विसावा' राहिला.

आता गंमत. कोकिळा आणि तिची आई रोज येतात आणि कंदील घेऊन त्यांच्या सोबतीला येतात लीलाधरराव. त्यांनाही खाली जाता येत नाही. मग ते माझ्याच पायरीवर, माझ्याशेजारी, तेही तापीकडे पाठ करून. पहिल्या दिवशी आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, प्रांतांचं तुला काय वाटतं? मी म्हटलं, मास्तर, राज्य कुठलंही होवो, आंघोळीला लोक इथेच येणार. मग मांडीवरचं एक पोर त्यांनी आपल्याकडे घेतलं. तेव्हापासून रोज बोलतो. मला हा माणूस आवडायला लागलाय, वहिनी. शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सोमवारी पहाटे तर त्यांनी खाऊही आणला. कोकिळेच्या आईनं स्नानानंतर काशाच्या ताटात अनारसे पाठवले होते, मध्ये छोटा दिवा लावून, बहुतेक अंधार होता म्हणून. लीलाधररावांनी ताट दोन्ही हातांनी पुढे केलं. माझ्या मांडीवर पोरं, त्यामुळे मी "ठेवा ना इथे" म्हटलं. त्यांनी ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, मास्तर, तुम्हीही घ्या. ते नको म्हणाले. अनारसे खमंग होते, जाळीही सुरेख. निंबानं आठ खाल्ले, कडूनं त्याहून जास्त, पोरांनाही दिले. दिवा फार कामी आला, मथुराबाईंची हरवलेली चप्पल त्याच्याच उजेडात सापडली. ताट वाळूनं घासून त्यांना तिथल्या तिथे परत दिलं.

पण काय बिनसलं ते कळत नाही. मंगळवारपासून लीलाधरराव पायरीच्या पार दुसऱ्या टोकाला बसतात. बोलत नाहीत. कोकिळाही काल चपला दुसऱ्या बाईकडे ठेवून गेली. जळगावहून काही पत्र आलं असेल का? मला रात्रीचं जेवण जात नाही.

आपला
नंदकुमार

---

नाशिक
२८ एप्रिल १९५३

नंदूभावजी,

आशीर्वाद नंतर. माझे हात तुपाचे आहेत आणि कागदाला डाग पडतायत, ते पडू देत.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आईजवळ चुलीपुढे बसून अनारसेच तळत होते. कुणासाठी ते ठाऊक आहे? तुमच्या दादासाठी. अधिक महिन्यात तेहतीस अनारसे ताटात मांडतात, त्यात दिवा लावतात आणि वाण म्हणून देतात. कुणाला देतात? जावयाला, भावजी. जावयाला.

मोजले होते का तुम्ही? निंबानं आठ, कडूनं त्याहून जास्त, पोरांनी उरलेले. बेरीज मला सांगू नका.

जरा त्यांच्या बाजूनं पाहा. महिना अधिक, तोंडानं लग्नाचा विषय काढायचा नाही, सुपारी फोडायची नाही. जळगावची मंडळी दाराशी येऊन ठेपलेली. त्या माणसानं तुम्हाला रोज पहाटे पाहिलं, मांडीवर लोकांची पोरं घेऊन, आपल्याच धंद्याकडे पाठ करून बसलेला. त्याला जे बोलता येत नव्हतं ते त्यानं ताटात मांडून दोन्ही हातांनी पुढे केलं. आणि तुम्ही म्हणालात, ठेवा ना इथे. त्या दिव्यानं चप्पल शोधलीत. नमस्कार नाही, काही नाही. वर रिकामं ताट परत दिलंत. रिकामं. मुलीच्या आईनं त्याचा काय अर्थ घेतला असेल?

मी आईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग रडली. हे शेजारी नव्या कोटात ताटापुढे ताठ बसलेत आणि म्हणतात, मला तरी कुठे माहीत होतं, मी आपला सासरी सांगितलं तसं करतोय.

पत्र खाली ठेवा आणि उठा. आईंना सांगून ताट भरून घ्या. सिंधीपुऱ्यात जा. दोघांच्या पायावर डोकं ठेवा. एक अक्षर शहाणपणाचं बोलू नका.

वहिनी

---

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
३ मे १९५३

ती. सौ. वहिनींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोस्टमननं घाटावरच दिलं. मी वाचलं, निंबाला वाचून दाखवलं. निंबाचा चेहरा असा झाला जणू ते आठ अनारसे त्याला त्याच क्षणी बाधले. मांडीवरची पोरं त्याच्याकडे देऊन मी घरी पळालो. आईनं काही विचारलं नाही. आपलं मोठं ताट काढलं, त्यात गूळ, नारळ, कडूकडची केळी ठेवली. वर स्वतःची ठेवणीतली खणाची चोळी घातली. अण्णा दारात टोपी घालून तयार उभे होते. म्हणाले, मीही येतो, तू एकटा गेलास तर काहीतरी बोलशील.

लीलाधरराव ओटीवर पेपर वाचत होते. मी ताट ठेवलं, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, मग आत जाऊन कोकिळेच्या आईच्या. तुम्ही सांगितलं तसं गप्प राहिलो. अण्णांना खोकला आला. शेवटी मास्तरांनी पेपर घडी करून ठेवला.

"दहा दिवस लागले तुला. स्वतः काढलंस उत्तर?"

मी म्हटलं, नाही, नाशिकहून वहिनींचं आलं.

"म्हणजे कॉपी केलीस." मग चष्मा काढून पुसत राहिले, आणि मला दिसलं की चष्मा नाही, डोळे पुसायचे होते. "रीत चुकली, उत्तर बरोबर आलं. अर्धे गुण देतो. उरलेले निज वैशाखात."

आतून, दाराच्या मागून, कोकिळेचा आवाज आला. "बाबा, तेहतीसातला एक तरी यांनी स्वतः खाल्ला का, ते विचारा."

वहिनी, मी खाल्ला होता. एकच, तोही शेवटचा, कारण कडूनं तो माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. तसं मी सांगितलं. आत बांगड्या वाजल्या आणि ती हसली. त्या हसण्यावर मी आयुष्यभर तापीकडे पाठ करून बसायला तयार आहे.

जळगावला मास्तरांनी काल नकार कळवला. आता त्यांची अट एकच आहे. लोधीपुऱ्यातून सिंधीपुऱ्यात यायला नवरदेवाला नदीवर जायचं खरं तर काही कारण नाही, पण आमचं वऱ्हाड आधी राजघाटावर उतरलं पाहिजे, वाळूवरच्या मांडवात विसावलं पाहिजे आणि निंबाच्या हातून दाढी करूनच वाजतगाजत त्यांच्या दारी आलं पाहिजे. ते म्हणाले, "एक वऱ्हाड तरी येऊ दे तुझ्या विसाव्यात. इतकी मेहनत केलीस त्याच्यासाठी."

अण्णांनी सकाळीच पाटीवरचा चुना ओल्या फडक्यानं पुसला. 'वऱ्हाडाचा' खालून जसाच्या तसा निघाला. दादाला म्हणावं, तो नवा कोट घालूनच ये. आणि तुम्ही पहिल्या गाडीत बसा. वाळूवर तुमच्यासाठी कापडी खुर्ची मांडून ठेवतो.

विलीन होऊ घातलेला
नंदकुमार